केळशी ते आंजर्ले: समुद्राकाठच्या रानातून

नमस्कार श्रोतेहो.

साताऱ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी दिनदर्शिका टांगलेली आहे. संकष्टी, एकादशी बघायला घरातले सगळेच तिच्यापाशी येतात. थंडी उतरू लागली की मी मात्र तिथीवरून दुसराच हिशेब मांडत बसतो. तिथीची पाऊणपट केली की समुद्राला पूर्ण भरती साधारण किती वाजता येणार ते कळतं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. मिनिट न् मिनिट जुळत नाही, पण पायी चालणाऱ्याला एवढं पुरतं. केळशीच्या एका म्हाताऱ्या खलाशाने हा हिशेब मला वाळूत बोटाने आकडे काढून शिकवला. आज तुमच्याशी बोलायचंय ते त्या केळशीपासून आंजर्ल्यापर्यंतच्या पायवाटेबद्दल.

दोन्ही गावं दापोली तालुक्यातली. आपण साताऱ्याहून महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, खेड असं करत तिकडे पोचतो. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांची नावं आपण लहानपणापासून ऐकलेली. त्यांतली कृष्णा आपल्या अंगणातून पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटपाशी समुद्राला मिळते. बाणकोटच्या दक्षिणेला वेळास. नाना फडणवीसांचं मूळ गाव ते. वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी ज्यांचा वाडा आणि घाट आपण बघतो, तेच नाना. आणि वेळासच्या खाली, भारजा नदीच्या खाडीवर, केळशी.

गेल्या माघात वद्य पंचमीला आम्ही चौघं सकाळी साडेसातला केळशीच्या पुळणीवर उतरलो. कोकणात वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. उत्तरेला खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी आहे, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केलाय. दक्षिणेला उटंबरचा डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसलेला. आम्हाला तिकडेच जायचं होतं. पाणी उतरत होतं. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घातली होती, प्रत्येक बिळाभोवती वेगळी. तिच्यावर पाय पडू नये म्हणून आम्ही बराच वेळ वाकडेतिकडे चालत राहिलो.

पुळण संपते तिथून वाट डोंगरात शिरते. सुरुवातीला पाखाडी आहे, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना गडगे. गडगा म्हणजे नुसते दगडांवर दगड रचून घातलेली भिंत. आत काजू आणि आंबा, मोहोर आलेला. वर गेलं की बागा सरतात आणि रान सुरू होतं. ऐन, किंजळ, कुंभा, करवंदीच्या जाळ्या. आणि अंजनी! मी थांबलोच. महाबळेश्वरच्या जंगलात जांभूळ आणि हिरड्याच्या जोडीला जी अंजनी दाट उभी असते, तीच इथे, समुद्राचा आवाज कानावर येतोय अशा जागी. पान तोंडओळखीचं, पण झाड वाऱ्याने दाबलेलं, एका अंगाला झुकलेलं. खारं वारं ज्या बाजूने येतं तिकडच्या फांद्या आखूड. सगळ्या रानाचाच माथा कुणीतरी उतरता छाटल्यासारखा होता.

डोंगराच्या माथ्यावर सडा लागतो. आपण ज्याला पठार म्हणू त्याला तिकडे सडा म्हणतात. पायाखाली काळसर तांबडा, भोकाभोकांचा जांभा. कासचं पठार आणि पाचगणीचं टेबललँड ज्या दगडाचं आहे, तोच हा. मूळचा काळा बेसॉल्ट. पावसाने आणि उन्हाने तो कुजत गेला, विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोह नि ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून त्याचा रंग गंजासारखा. आपल्याकडे हा दगड समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरवर, इथे लाटांच्या वरच्या अंगाला. पावसाळ्यात कासला जशी सीतेची आसवं, गेंद, तेरडा फुलतात, तशी कोकणातल्या सड्यांवरही फुलतात. कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तिथे आता तिकीट आणि कुंपणाचा विषय निघतो. या सड्यांची नोंद फारशी कुणी घेत नाही. बाहेरच्या माणसाला ती ओसाड जागा वाटते, आणि ओसाड म्हटलं की तिथे काहीही करायला माणूस मोकळा होतो. मला हे मनापासून खटकतं. त्या दगडाच्या खोलगटांत पावसाचं पाणी साठतं, मुरतं, आणि खालच्या वाड्यांच्या विहिरींना ते मिळतं.

सड्यावरच आम्हाला एक काका भेटले. वय सत्तरीच्या पुढचं, कमरेच्या आकडीला कोयती, डोक्याला पंचा. त्यांची गुरं तिथे चरत होती. कुठून आलात म्हणाले. सातारा सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला, त्यांचे वडील तरुणपणी घाटावर कामाला येत. मी विचारलं, "काका, आड्याला उतरणारी वाट कुठून?"

"वाट व्हती," ते म्हणाले. "आता मोडलीय. चला, दावतो."

आणि ते आमच्या पुढे चालू लागले. पुढचा दीड तास त्यांनी जे दाखवलं ते एकट्याने आम्हाला कधीच दिसलं नसतं. एका जुन्या आंब्याखालचा चौथरा. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाया इथून जायच्या, त्या इथे टेकायच्या. एक घळ, जिथे मे महिन्यातही ओंजळभर पाणी असतं. चैत्रात केळशीच्या महालक्ष्मीच्या यात्रेला आजूबाजूच्या गावांतली माणसं याच वाटेने यायची. सूर्य मावळला तरी बोलत बोलत परतायची. वाट सरळ कुठेच नव्हती. ती सावली धरून चालायची आणि पाणी धरून वळायची. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला जिथे दम लागेल तिथे तिने चढ सोडून आडवं अंग घेतलेलं.

मग झाडं आडवी पडलेली दिसू लागली. सुकलेले, वाळवी लागलेले मोठमोठे बुंधे, त्यांच्यावर करवंदीचे वेल चढलेले. "निसर्गाची," काका एवढंच म्हणाले. ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि मंडणगड, दापोलीच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्याने आडव्या केल्या. आपल्याकडे त्या दिवशी पाऊस आणि वारं होतं, थोडे पत्रे उडाले असतील. इथे आजोबांनी लावलेली झाडं नातवाच्या डोळ्यांदेखत मुळासकट उपटली गेली. सुपारीचं रोप लावलं तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, म्हणजे एका दुपारचं नुकसान भरून यायला मुलाची शाळा संपते. काकांनी कुठलीही तक्रार केली नाही. हाताने दाखवत गेले, इथे सोळा माड होते, इथे कोकम होता.

रस्त्यावरची झाडं लोकांनी पहिल्या आठवड्यातच तोडून बाजूला केली. रस्ता लागतोच, दवाखाना आहे, एसटी आहे, त्यात चूक काहीच नाही. पायवाटेवरची झाडं मात्र तशीच राहिली. दोन पावसाळे गेले, वर झुडपं आली, आणि माणसं गाडीवरून जाऊ लागली. तरी काका दर मोसमात थोडी थोडी वाट सोडवतात. एकटे. एका जागी त्यांनी कोयतीने फांदी तोडली, बाजूला टाकली, आणि त्याच चालीत बोलत पुढे गेले.

उतारावर त्यांनी एकदम हात वर केला. एका उंच झाडाच्या शेंड्याला काटक्यांचा प्रचंड ढीग होता. समुद्र गरुडाचं घरटं. पांढऱ्या पोटाचा हा पक्षी वर्षानुवर्षं तेच घरटं वापरतो आणि दर वेळी त्यात काटक्यांची भर घालतो. मासे खातो, समुद्री सापही खातो. आम्ही गप्प उभे राहिलो. मादी आली, पंख अर्धे मिटून टेकली, आणि तिच्या पायांत काहीतरी लोंबत होतं. अर्धा तास तरी आम्ही तिथून हललो नाही. ते झाड वादळात टिकलं, याचा काकांना स्वतःचं घर टिकल्याइतका आनंद होता.

आडे गावात काकांनी आमचा निरोप घेतला. इथे भार्गवरामाचं देऊळ आहे. साताऱ्याच्या माणसाचे हात तिथे आपोआप जोडले जातात, कारण धावडशीला ब्रह्मेंद्रस्वामींच्या समाधीपाशी आपल्याकडेही भार्गवराम आहेत, आणि स्वामी तिकडे आले ते कोकणातून, चिपळूणजवळच्या परशुरामहून.

आड्याहून पाडल्यावरून आंजर्ल्यापर्यंतचा टप्पा बराचसा रस्त्याने आणि पुळणीच्या कडेने. सुरूची बनं, केवड्याची बेटं. भरती चढत आली होती, म्हणून आम्ही वाळू सोडून वरून चाललो. आंजर्ल्याच्या वाळूत जाळी लावून राखलेली कासवांची घरटी होती. ऑलिव्ह रिडले जातीची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परतते, आणि पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्रे नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला राखण सुरू केली आणि ते काम किनाऱ्यावरच्या गावांनी आपलं मानलं. आमच्यादेखत संध्याकाळी सहा पिल्लं सोडली. तळहाताएवढीही नव्हती. पहिल्या लाटेने त्यांना उलटं मागे आणलं, दुसऱ्या लाटेत ती दिसेनाशी झाली.

शेवटी कड्यावरच्या गणपतीला गेलो. उजव्या सोंडेची मूर्ती, पेशवाईतलं देऊळ. तिथून खाली खाडी आणि पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग. अजिंक्यताऱ्यावरून खाली शहराचे दिवे लागताना आपण बघतो, इथे होड्यांचे दिवे लागत होते.

आड्याच्या पारावर निरोप घेताना मी काकांना पैसे देऊ लागलो होतो. त्यांनी माझा हात मागे सारला. "पुढच्या खेपेला येताना कोयती आणा," म्हणाले. "चार जणं असलात तर आंब्यापतुर वाट मोकळी व्हईल."

माघ वद्य पंचमी पुन्हा जवळ आली आहे. भरती पावणेचारला, म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला पाणी उतरलेलं असणार. या वेळी आम्ही सहाजण निघतोय. गुरुवारच्या बाजारातून चार कोयत्या घेतल्या आहेत, धार लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवल्या आहेत.

नमस्कार.