तणनाशक बदललं, पण ग्रुप बदलला का?

मंडळी, तणनाशक मारलं, तण पिवळं पडलं आणि आठ-दहा दिवसांत परत हिरवं झालं, की आपला पहिला संशय कृषी केंद्रवाल्यावर, डुप्लिकेट माल दिला म्हणून. कधी कधी ते खरंही असतं. कधी तण वीतभर वाढल्यावर आपण पंप उचललेला असतो, कधी नाल्याचं गढूळ पाणी भरलेलं असतं, आणि ग्लायफोसेट तर मातीच्या कणांना चिकटून तिथंच निकामी होतं. पण हे सगळं नीट करूनही आजूबाजूची तणं मेली आणि एकाच जातीची काही झाडं तेवढी उभी राहिली, तर मामला वेगळा आहे, ते तण त्या औषधाला दाद देईनासं झालेलं असतं.

हरियाणा-पंजाबात हे होऊन गेलंय. तिथं गव्हात फॅलॅरिस मायनर नावाचं गवत येतं, तिकडं त्याला गुल्ली-डंडा नाहीतर मंडूसी म्हणतात, लहान असताना हुबेहूब गव्हासारखं, त्यामुळे निंदायला गेलं तरी ओळखू येत नाही. भातानंतर गहू, गव्हानंतर भात, आणि गव्हावर दरवर्षी एकच औषध, आयसोप्रोट्युरॉन. स्वस्त होतं, काम करत होतं, मग कोण कशाला बदलेल? 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हिसारच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हे गवत आता त्या औषधाला दाद देत नाही. काही लोकांनी तर उभा गहू हिरवा कापून जनावरांना घातला. मग 1997-98 च्या सुमाराला क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन अशी नवी औषधं आली, सगळे खूश, आणि पुढं त्यांचंही तेच झालं.

आपण म्हणतो तणाला औषधाची सवय लागली. तसं नसतं हो. लाखो रोपांत एखादं आधीपासूनच वेगळं असतं, आपण बाकीची मारून त्याला रान मोकळं करून देतो, त्याचं बी पडतं, पुढच्या साली त्याचीच पिल्लावळ. मंडूसी आयसोप्रोट्युरॉन आतल्या आत मोडून टाकत होती, आणि अशी पचवायची ताकद आली की जे औषध त्या रानात कधी फवारलंच नाही तेही कधी कधी पचतं. अमेरिकेत आपल्या तांदुळजाच्या कुळातलं पामर ॲमरँथ आहे, त्यानं वेगळीच युक्ती केली: ग्लायफोसेट ज्या एन्झाइमला बंद पाडतं त्याच्या जीनच्या प्रती वाढवल्या, काही झाडांत शंभराच्या वर. आता किती औषध ओतणार तुम्ही? आणि एकेका मादी झाडाला लाखांनी बी.

आता आपल्या सोयाबीनकडं या. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी इमॅझेथापायर, दरवर्षी, त्याच वावरात. कुणी म्हणतं मी बदलतो, इमॅझेथापायर अधिक इमॅझामॉक्सचं पाकीट आणतो. कुणी म्हणतं मी पेरल्या पेरल्या डायक्लोसुलाम मारतो आणि नंतर इमॅझेथापायर. नावं तीन, कंपन्या वेगळ्या, डबे वेगळे, पण तिन्ही एकाच ग्रुपची. ग्रुप म्हणजे औषध तणाला नेमकं कुठं मारतं त्यावरून पाडलेला गट, आणि ही तिन्ही ग्रुप 2 ची, तिघांचा घाव तणाच्या एएलएस नावाच्या एकाच एन्झाइमवर. आणि हा ग्रुप फार लवकर हातचा जातो बरं, अमेरिकेत क्लोरसल्फ्युरॉन 1982 ला बाजारात आलं आणि 1987 ला त्याला न जुमानणारं तण सापडलंसुद्धा. म्हणून दुकानात गेलात की ब्रँड विचारू नका, ग्रुप विचारा. पेंडीमेथालिन ग्रुप 3, क्विझालोफॉप ग्रुप 1, फोमेसाफेन ग्रुप 14. त्यातही एक मेख आहे: क्विझालोफॉप फक्त गवतवर्गीय तणावर चालतं, त्यामुळे ते इमॅझेथापायरमध्ये मिसळलं तरी रुंद पानाच्या तणावर मारा एकाच औषधाचा राहतो.

डोसचं म्हणाल तर 10 टक्क्याचं इमॅझेथापायर एकरी 400 मिली. पैसे वाचवायला अर्धं घालणारेही भेटतात आणि मरत नाही म्हणून दुप्पट घालणारेही. अर्ध्या डोसात अर्धवट टिकणारी झाडं जगतात आणि आपसात फळतात, दुप्पट डोसात पीक पिवळं पडतं.

चोरबीटीबद्दल, म्हणजे ग्लायफोसेट मारलं तरी न मरणाऱ्या कपाशीच्या चोरट्या बियाण्याबद्दल, विचारणार तुम्ही, मला माहीतच होतं. त्या बियाण्याला परवानगी नाही, हे एक. पण समजा उद्या मिळाली, तरी केना हे तण ग्लायफोसेटला मुळातच चिवट आहे, बाकी सगळं मेलं की रान त्याचंच. मजूर मिळत नाहीत, निंदणाचा खर्च परवडत नाही, हे मला मान्य आहे, पण एका औषधाच्या भरवशावर कपाशीही नको आणि सोयाबीनही नको.

हरियाणात फरक पडला तो औषधापेक्षा शेतीची रीत बदलल्यानं: न नांगरता पेरलेला गहू, थोडी लवकर पेरणी, मधे एखाद्या वर्षी बरसीमचा चारा किंवा ऊस. आपल्याकडं फवारणीनंतर एक डवरणी कराच, आणि एखाद्या खरिपात त्या वावरात ज्वारी किंवा मका घ्या. वाचलेली झाडं बी धरायच्या आत उपटा, धुऱ्यावरचीसुद्धा, आणि भाड्याचं हार्वेस्टर दुसऱ्याच्या रानातनं आलं की आधी झाडून घ्या, कारण बी असंच गावभर फिरतं.

आणि खरंच शंका असेल तर वाचलेल्या झाडांचं पिकलेलं बी पाकिटात ठेवा, जिथं कधी तणनाशक मारलं नाही तिथलंही त्याच तणाचं थोडं बी घ्या, पुढच्या पावसाळ्यात दोन्ही वेगवेगळ्या कुंड्यांत पेरा आणि दोन-तीन पानांवर आली की एकाच पंपानं, बरोबर डोसात, दोन्हींवर फवारा. दोन्ही मेली तर चूक आपल्या फवारणीत होती. न फवारलेल्या रानातली मेली आणि आपली जगली, तर पाकिटात उरलेलं बी घेऊन कृषी विद्यापीठाच्या तण विभागात जा.