नखाएवढा पडदा, भर उन्हाचं तेज

[दृश्य: काळोखी प्रयोगशाळा. टेबलाच्या एका टोकाला कॅमेरा.]

गाडी बोगद्यातून बाहेर पडते. आपले डोळे क्षणभर दिपतात. गाडीच्या कॅमेऱ्याला तेवढीही सवलत नाही. समोरचा माणूस त्याला त्याच क्षणी दिसायला हवा. पण चाचणीसाठी दरवेळी बोगदा कुठून आणायचा?

[दृश्य: चिमट्यात धरलेली चिप.]

म्हणून बोगद्याचं चित्रच एका पडद्यावर दाखवून ते कॅमेऱ्यासमोर धरायचं. हा पडदा नखाएवढा. सिलिकॉनच्या चिपवर गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाचे एलईडी, एकेक जेमतेम ४-५ मायक्रोमीटरचा. माणसाच्या केसाच्या जाडीत डझनभर सहज मावतील. पुढे, बरोबर नाभीय अंतरावर, भिंग. त्यातून किरण समांतर निघतात आणि हातभरावरचं चित्र कॅमेऱ्याला क्षितिजावरचं वाटतं.

मोबाइलचा पडदा का नाही लावायचा? भर उन्हातला पांढरा कागद साधारण ३० हजार निट्स भरतो; निट म्हणजे तेजस्विता मोजायचं एकक. मोबाइल त्याच्या जवळपासही पोचत नाही. भिंगाने उजेड वाढवू म्हणाल, तर तिथेच अनेकांची फसगत होते. भिंग चित्र लहान-मोठं दाखवेल, पण पडद्यात मुळात नसलेली तेजस्विता ते कुठून देणार? ती पिक्सेलमध्येच हवी.

मायक्रोएलईडीत, म्हणजे या इवल्या एलईडींत, ती आहे. मजल लाखो निट्सपर्यंत जाते. पण एलईडी जितका लहान, तितका त्याच्या कडांचा वाटा मोठा. चिप कोरताना या कडा दुखावतात, आणि तिथे वीज उजेडाऐवजी उष्णता होऊन वाया जाते. चिप तापली की तेज उतरतं. शिवाय शेजारचे दोन पिक्सेलही सारखे निघत नाहीत. एकेकाचं तेज मोजून दुरुस्तीचे आकडे साठवावे लागतात. कंटाळवाणं काम, पण याशिवाय चाचणीला अर्थ नाही.

[दृश्य: मॉनिटरवर सरकणारे काळे पट्टे.]

कॅमेरा बिघडला? नाही. तेज कमी करायला पिक्सेल फार वेगाने लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही. ओळीओळीने चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याला कळतं. विजेचा प्रवाहच कमी करावा, तर रंग सरकतो. मग लुकलुकच इतकी जलद करायची, की प्रत्येक ओळीच्या वाट्याला सारखाच उजेड यावा.

[दृश्य: पट्टे नाहीसे होतात. हिरव्या रंगातला बोगदा.]

सगळं हिरवं, कारण लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग इतक्या दाटीने एका चिपवर बसवणं अजून जिकिरीचं आहे. बोगद्याच्या तोंडाशी झगझगाट. सावलीत माणूस: पाय स्पष्ट, डोकं धुरकट. आता ही धूसरता कॅमेऱ्याच्या भिंगातली, की आमच्या?

[दृश्य: तंत्रज्ञ टेबलावरचं भिंग सोडवून फडक्याने पुसतो.]