बीलाचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. पाणथळ जागांवर येऊ घातलेली कोळशाची वीजकेंद्रं आणि ती अडवणारी साधी माणसं, हा आजचा विषय. त्यासाठी मी तुम्हाला थेट सोमपेट्याला नेतो. आंध्र प्रदेशाच्या उत्तर टोकाला, श्रीकाकुलम जिल्ह्यात, समुद्राजवळ हे गाव आहे. कुठेही बोलायला उभा राहिलो की ही हकिकत मी सांगतोच. आज जरा सवडीनं सांगतो.

सोमपेट्याजवळ एक विस्तीर्ण सखल जमीन आहे. तिथले लोक तिला ‘बीला’ म्हणतात. पावसाचं पाणी तिथे येऊन साचतं, मुरतं. आसपासची शेती त्या पाण्यावर, मासेमारी त्या पाण्यात, गुरांचा चारा त्याच्या काठावर. या बीलामध्ये एका खासगी कंपनीचं कोळशावरचं वीजकेंद्र यायचं ठरलं. २६४० मेगावॅटचं. आणि सरकारदरबारी ही जमीन काय होती? पडीक. पुन्हा सांगतो, पडीक. जिथे मासे पोहतात ती पडीक! हा शब्द मला सोसतच नाही. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती वाया गेली, हा इंग्रजांच्या महसूल खात्याचा हिशोब, आणि तो आपण अजून चालवतोय. सातबारा वाचणाऱ्या प्रत्येक तलाठ्याला एक पावसाळा अशा जमिनीत उभं करावं, असं मला मनापासून वाटतं.

असो. तर २००९ मध्ये जनसुनावणी, म्हणजे प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायची जाहीर सभा झाली, लोकांनी कडाडून विरोध केला, आणि तरीही वर्ष सरता सरता केंद्र सरकारची पर्यावरण मंजुरी आली. गावात डॉ. वाय. कृष्णमूर्ती नावाचे डॉक्टर. रोग्यांच्या नाडीवर हात ठेवणारा हा माणूस आंदोलनाच्या पुढे उभा राहिला. शेतकरी आले, कोळी आले, बायका आल्या. साखळी उपोषण सुरू झालं. आज हे बसले, उद्या ते बसणार. गोळीबार झाला की वर्तमानपत्रांना गाव सापडतं. पण रोज सकाळी कुणीतरी घरची कामं उरकून, उपाशीपोटी मांडवात येऊन बसतं, त्याला पहिल्या पानावर जागा नसते. ती मिळायला हवी होती.

मांडवात उपोषण चालू होतं तेव्हाच दिल्लीत कागदाची लढाई सुरू होती. केंद्रात ऊर्जा सचिव राहिलेले ई. ए. एस. सरमा लोकांच्या बाजूनं उभे होते. वीज म्हणजे काय हे ज्यांनी सरकारात बसून पाहिलं, तेच सांगत होते की ही जागा चुकीची आहे. अशा मंजुरींविरुद्धची अपिलं तेव्हा राष्ट्रीय पर्यावरण अपील प्राधिकरण ऐकायचं; त्याच्यापुढे मंजुरीला आव्हान दिलं गेलं.

मग आली १४ जुलै २०१०. तारीख लक्षात ठेवा, १४ जुलै. काम सुरू करायला कंपनीची माणसं निघाली, बरोबर मोठा पोलीस बंदोबस्त. हजारो गावकरी आडवे आले. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला आणि शेवटी गोळ्या. किमान दोन माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. आणि त्याच दिवशी, श्रोतेहो, त्याच १४ जुलैला, तिकडे दिल्लीत प्राधिकरणानं त्या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी रद्द केली. जी मंजुरी कागदावर टिकली नाही, तिच्यासाठी माणसं मेली. इतकी वर्षं सांगतोय, पण इथे आलो की आजही माझा आवाज अडतो.

गावानं मांडव तरीही मोडला नाही. मंजुरी गेली होती, पण जमीन प्रकल्पाला दिल्याचा सरकारी आदेश कायम होता. तो २०१५ मध्ये रद्द झाला. तोवर लोकांनी लढा सोडला नाही.

सोमपेट्यानंतर आठ महिनेही झाले नव्हते. त्याच जिल्ह्यात काकरापल्लीला, पुन्हा पाणथळ जागा, पुन्हा कोळशाचं वीजकेंद्र, आणि २८ फेब्रुवारी २०११ ला पुन्हा गोळीबार. तिथून जवळ तेलीनीलापुरम आहे. तिथे पेलिकन आणि रंगीत करकोचे गावातल्या झाडांवर घरटी करतात, आणि गावकरी त्यांना हात लावू देत नाहीत.

कोळशाच्या वीजकेंद्राला राखेसाठीही जागा लागते. आपल्याकडचा कोळसा शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते, ती टाकायला तलाव लागतो. आणखी एक गोष्ट: पाण्याखालच्या चिखलात पालापाचोळा सावकाश कुजतो, म्हणून त्यातला कार्बन तिथेच राहतो. चिखल सुकवला की तो हवेत जातो. म्हणजे कोळशाचा धूर वेगळा, आणि जमिनीतून निघणारा वेगळा. नुकसान दुहेरी. दुहेरी, एवढं ध्यानात ठेवा.

तुमच्या भागात असा प्रकल्प आला तर जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी निघावी लागते. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सांगणाऱ्या अहवालाचा सारांश राज्याच्या भाषेत मिळतो. पूर्ण अहवाल मात्र बहुधा इंग्रजीतच असतो, आणि ज्यांची जमीन जाणार त्यांना तो अख्खा स्वतःच्या भाषेत मिळालाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सुनावणीला जा. जे बोलाल ते इतिवृत्तात येतं का पाहा. इतिवृत्त शेवटी सर्वांसमोर, लोकांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं, तसा नियम आहे. म्हणून ते वाचून होईपर्यंत उठू नका. जमिनीत पाणी किती महिने असतं, कोणते मासे मिळतात, कोणते पक्षी उतरतात, सगळं लिहून घ्यायला लावा. नमस्कार.