हजिऱ्यातील दोन कबरी : गौस मकबरा आणि तानसेन

ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली, पूर्वेच्या अंगाला जुने शहर वसलेले आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, तिचेच पुढे लष्कर झाले आणि मराठी वस्ती मुख्यतः तिथेच वाढली. जुन्या शहराच्या हजिरा भागातले हे कबरस्तान मात्र त्याआधीच्या ग्वाल्हेरचे, मोगल अमदानीच्या पहिल्या पर्वातले आहे. लहानमोठ्या अनेक कबरींच्या या आवारात दोन वास्तू ठळकपणे दिसतात. भव्य घुमटाची वास्तू आहे शेख मुहम्मद गौस यांची, आणि तिच्याजवळची बेताची, चारी बाजूंनी उघडी वास्तू आहे तानसेनची. लोक येतात ते बहुधा दुसरीसाठी. आपण मात्र आधी पहिलीकडे वळू.

मुहम्मद गौस हे शत्तारी परंपरेचे सूफी. त्यांचे आयुष्य खानकाहच्या, म्हणजे सूफी मठाच्या, चार भिंतींत गेले नाही. १५२६ मध्ये बाबराची फौज ग्वाल्हेरपाशी आली, तेव्हा किल्ला तातारखानाच्या ताब्यात होता. आधी बाबराला शब्द देऊन बसलेल्या या किल्लेदाराने ऐनवेळी मन बदलले आणि तो दरवाजा उघडेना. काहीही निमित्त करून आत शिरा, असा निरोप किल्ल्यातून पाठवणारे गौसच होते, असे स्वतः बाबराने लिहून ठेवले आहे. पुढे शेरशाहाच्या काळात, हुमायूनशी असलेला घरोबा अंगाशी येईल अशी चिन्हे दिसू लागल्यावर, त्यांनी गुजरात गाठले आणि बरीच वर्षे तिथे काढून ते अकबराच्या राजवटीत परतले. १५६३ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. या मकबऱ्याचे बांधकाम त्यानंतरचे, म्हणजे दिल्लीत हुमायूनचा मकबरा उभा राहत होता त्याच काळाच्या आसपासचे आहे.

गुजरातेतील हा मुक्काम लक्षात ठेवून इमारतीकडे पाहावे. तिची प्रत्येक बाजू सुमारे १०० फूट लांब असून चार कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज आहेत. हे बुरूज आपल्या सपाट बाजूने भिंतीला टेकत नाहीत, कोनाने जोडले आहेत. त्यामुळे ते इमारतीला चिकटलेले न वाटता बाहेर झेपावल्यासारखे दिसतात. मधोमध ४३ फूट चौरस दालन आहे. त्याच्या भिंती साडेपाच फूट जाडीच्या असून वरचा उंच घुमट पठाणी धाटणीचा आहे. दालनाभोवती चारी बाजूंनी ओवरी फिरते आणि ही सबंध ओवरी दगडी जाळ्यांनी बंदिस्त केलेली आहे.

आमच्या मते या इमारतीचा जीव घुमटात नसून या जाळ्यांत आहे. जवळ जाऊन एकच तावदान पाहा. वालुकाश्माची अखंड फरशी आरपार कोरून षट्कोन, तारे आणि त्यांना छेदणाऱ्या पट्ट्या साधलेल्या आहेत. एक रेषा धरून नजर पुढे नेली, तर ती तीन-चार आकृत्यांची कड बनत जाते आणि नेमकी कोणत्या आकृतीची होती ते सांगता येत नाही. शेजारच्या तावदानात हीच भूमिती निराळ्या तऱ्हेने मांडलेली दिसते. ओवरीत उभे राहिल्यावर बाहेरचे ऊन चाळून आल्यासारखे आत पडते. मधले दालन आणि त्याभोवती जाळीबंद ओवरी ही मांडणी अहमदाबादजवळच्या सरखेजच्या रोझ्यात, म्हणजे मकबऱ्यात, याच्या शतकभर आधी सिद्ध झाली होती, आणि गौसांच्या मकबऱ्यात ती गुजरातेतूनच आली असावी. पण त्यासाठी हात ग्वाल्हेरच्या पाथरवटांचे मिळाले, आणि ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर याच्या काळापासून इथला दगड या कामाला सरावलेला होता.

जाळ्यांवर पुढे आलेले रुंद छज्जे लांब घोड्यांवर, म्हणजे भिंतीतून काढलेल्या दगडी आधारांवर, तोललेले आहेत. पाऊस थेट जाळीवर येऊ नये, हा त्यांचा साधा हेतू आहे आणि तो साडेचारशे वर्षे सफल झालेला दिसतो. घुमटाचे दैव तेवढे चांगले नव्हते: त्यावर एकेकाळी निळ्या चकाकीच्या कौलांचे आच्छादन होते, ते गेले. ते कसे दिसत असेल याची कल्पना करायची, तर किल्ल्यावर मानमंदिराच्या, म्हणजे मानसिंहाच्या महालाच्या, भिंतीवरील निळा पट्टा पाहून यावे.

तानसेनच्या वास्तूचे वर्णन थोडक्यात होते. उंच ओटा, खांब, वर छप्पर आणि मध्ये कबर. भिंत नाही, जाळी नाही. परंपरा तानसेनला गौसांचा शिष्य मानते. १५८९ च्या एप्रिलमध्ये तो वारला तेव्हा सगळ्या गवयांनी लग्नाच्या वरातीसारखे गात-वाजवत त्याला पोहोचवावे, असा अकबर बादशहाचा हुकूम झाल्याची नोंद त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याने केली आहे. कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, या समजुतीपायी गायकांनी ते झाड पिढ्यान् पिढ्या ओरबाडले. आजची चिंच मूळची नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट केलेली बरी. तानसेनची गायकी ध्रुपद या जुन्या गायनप्रकाराची. ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल हा निराळा गायनप्रकार, तो एकोणिसाव्या शतकात हद्दू-हस्सू खाँसाहेबांनी शिंद्यांच्या आश्रयाने घडवला. तो वासुदेवबुवा जोशींकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आणि त्यांच्यामार्फत महाराष्ट्रात पोहोचला. या दोन धारा एक नव्हेत, तरीही ख्यालिये या ओट्यासमोर डोके टेकवतात आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

१९२४ मध्ये माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत इथे तानसेनचा उरूस सुरू झाला. त्याचाच आजचा तानसेन समारोह डिसेंबरात भरतो आणि २०२४ मध्ये त्याने शंभरावी आवृत्ती गाठली. समारोहाच्या पहिल्या सकाळी सनई वाजते, ढोलीबुवा मठाच्या परंपरेतील महाराज हरिकथा करतात, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांचे स्तुतिगायन, होतो आणि कबरीवर चादर चढते. मुसलमानी कबरस्तानात कीर्तनाने उत्सवाचा आरंभ व्हावा, हे बाहेरच्या पाहुण्याला नवल वाटते. लष्करातल्या मराठी श्रोत्यांना मात्र हा क्रम अंगवळणी पडलेला आहे. मुख्य सभा या मकबऱ्याच्या आवारातच रंगतात. अलीकडे अखेरच्या दिवशी समारोह इथून उठून सकाळी तानसेनचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या बेहटला जातो आणि त्याची सांगता सायंकाळी किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालात होते.