सोलापूर ते हंपी : चादरीवर मांडलेलं सामान

ही आमच्या घरापुढची फरशी, तिच्यावर अंथरलेली सोलापुरी चादर, आणि चादरीवर जे पसरलंय ते सगळं उद्या पहाटे गाडीवर चढणार. हंपीला जाऊन-येऊन ६०० किलोमीटरच्या आसपास, दोन मोटारसायकली, तिघं जण. क्रॅश गार्ड, फॉग लाईट, महागडी जॅकेटं यातलं काही इथं दिसणार नाही, ते बघायला इन्स्टा आहे की ओ.

डावीकडनं बघा. १०-११, १२-१३, १४-१५ चे पाने, अ‍ॅलन कीचा गुच्छा, पक्कड, प्लगपाना आणि एक जादाचा प्लग. तो मोठा पाना मागच्या चाकाच्या नटाचा, गाडीगणिक साईज वेगळी, त्यामुळं आधी नटाला लावून बघा मगच बॅगेत टाका. त्या छोट्या डबीत फ्यूज आहेत आणि एक चेनलॉक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी. चेनलॉकची क्लिप बसवताना तिची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला ठेवायची, उलटी बसली तर निसटते.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. मोठा टाकला तर वायरिंग जळू शकतं. पुढं चला.

आता जवळनं बघा, क्लच केबल. नवी केबल बॅगेत गुंडाळून नेतात लोक, आम्ही तसं करत नाही, जुन्या केबलीला चिकटूनच नवी ओढतो, हँडलपासनं टाकीखालनं इंजिनपर्यंत, आणि केबल टाय मारतो. हे करताना हँडल डावी-उजवीकडं पूर्ण फिरवून बघायचं, ताण नको आणि सायलेन्सरला टेकायला नको. दोन्ही टोकांना प्लॅस्टिक गुंडाळून इन्सुलेशन टेप, नाहीतर धूळ-पाणी आत जाऊन नवी केबल वापरायच्या आधीच जाम. घरी, सावलीत, चहा पीत पाऊण तास लागतो. याच्यावर आमच्यातल्याच एकाकडनं नेहमी ऐकून घ्यावं लागतं की एवढं कशाला बे, रस्त्यात मेकॅनिक मिळतो की!

हा जुना टायर टायमपास म्हणून नाही ठेवला, पंक्चर कसं काढायचं ते याच्यावर दाखवतो. एका गाडीला ट्यूबलेस, तिच्यासाठी पट्टीचा किट. खिळा कुठल्या कोनात घुसलाय ते बघून ठेवा, मग उपटा, कानशीसारखा टोच्या त्याच भोकातनं चार-पाचदा आत-बाहेर करा, पट्टी सुईत ओवून, सोल्युशन लावून आत दाबा आणि सुई झटक्यात ओढून घ्या. शेपूट थोडं ठेवून कापायचं. दुसरीला स्पोकची चाकं म्हणजे ट्यूब, तिच्यासाठी नवी ट्यूब, दोन लिव्हर, पायपंप. त्या गाडीचं पंक्चर झालंही नंतर वाटेत, पण कॅमेरा बॅगेत होता, सॉरी.

कोपऱ्यातली पुडी म्हणजे शेंगाचटणी आणि कडक भाकरी. हे स्पेअरमध्येच धरतो आम्ही.

हा दुसरा दिवस. टाकळीला भीमा ओलांडली, कर्नाटक लागलं, आणि क्लच लिव्हर असा लोंबकळला. लिव्हरपाशीच, केबलच्या मुंडीजवळ तारा एकेक करून तुटल्यात, दिसतंय बघा. टेप सोडली, जुनी मुंडी काढली, अ‍ॅडजस्टर पूर्ण ढिला केला, नवी अडकवली, खाली इंजिनकडं १२ चा पाना, मग लिव्हरला थोडी ढिलाई ठेवून घट्ट. हात काळे झालेत ते सोडा, घड्याळ बघा, पंधरा मिनिटं. मेकॅनिक मिळतो म्हणणारा जो होता तोच टॉर्च धरून उभाय.

आता जादाची केबल राहिली नाही. म्हणून विजापुरात आधी स्पेअरचं दुकान, मग गोलघुमट.