बेरजेत लपलेली बॅटरी

हे मिल लॅक्स. मिनेसोटातलं हे तळं ५०० चौरस किलोमीटरहून मोठं आहे, समोरचा काठ दिसत नाही, आणि खोली मात्र जेमतेम ४० फूट, त्यामुळे वारा सुटला की लाटा बघता बघता उभ्या राहतात. इथे वॉलआय मासा पकडायला येणारे लोक मोठं इंजिन बंद करतात आणि बोटीच्या टोकाला लावलेल्या इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटरवर हळूहळू सरकत राहतात. आवाज नाही, मासा बिचकत नाही.

ही माझी मोटर. ८० पौंड थ्रस्ट, २४ व्होल्ट. म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. मागच्या सीझनला त्यातली एक गेली, मी एकच नवी आणली, १०० अँपिअर-अवर क्षमतेची डीप सायकल (बरीच उतरवून पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी), आणि पाच वर्षं वापरलेली जुनी तशीच तिच्या जोडीला ठेवली. वाटलं, नवी जुनीला सांभाळून घेईल.

दोन तासही झाले नसतील, वारा समोरून, आणि मोटरचा जोरच गेला. मीटर २१ दाखवत होता. मला वाटलं दोन्ही उतरल्या, म्हणून मोटर चालू असतानाच एकेकीला वेगळा मल्टिमीटर लावला. नवी १२.२. जुनी ८.८. बेरीज २१, आणि त्या बेरजेत जुनीची अवस्था पार लपून गेली होती.

सिरीजमध्ये दोघींमधून करंट एकच जातो, फुल स्पीडला ५०-५५ अँपिअर. जुनीत ताकद निम्मीच उरलेली, ती आधी रिकामी होते, पण नवी काही थांबत नाही, ती तोच करंट रिकाम्या जुनीतून ढकलत राहते. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. सगळ्यात दुबळा सेल शून्यावर येतो आणि मग चक्क उलटा चार्ज व्हायला लागतो, प्लसच्या जागी मायनस. असा सेल परत पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे नवी बॅटरी जुनीला मदत करत नव्हती, मारत होती.

चार्जिंगलाही तेच. एकच २४ व्होल्टचा चार्जर दोघींना मिळून लावला तर तो बघतो फक्त दोघींची बेरीज, चार्जिंगचे २८.८ व्होल्ट. एकीवर १५, दुसरीवर १३.८, बेरीज बरोबर! पण एकीचं पाणी उडतंय, हायड्रोजन सुटतोय, आणि दुसरी अर्धवट चार्ज राहून प्लेटांवर सल्फेट साठतंय.

पॅरललचं थोडं वेगळं आहे. छोट्या मोटरी १२ व्होल्टवर चालतात, तिथे प्लसला प्लस, मायनसला मायनस. एकाच जातीच्या, सारख्या वयाच्या ७५ आणि १०० अँपिअर-अवरच्या बॅटऱ्या अशा जोडल्या तर चालून जातं, आपापल्या ताकदीप्रमाणे करंट देतात. फक्त जोडण्याआधी दोन्ही फुल चार्ज करा आणि प्रत्येकीला स्वतःचा फ्यूज लावा, नाहीतर भरलेली रिकामीत एकदम करंट ओतते. लिथियम आणि लेड-ॲसिड मात्र एकत्र नकोच, कारण चार्ज केलेली लिथियम १३.२ च्या आसपास असते, भरलेली लेड-ॲसिड १२.७ ला, म्हणजे मोटर बंद असली तरी एक दुसरीत रिकामी होत राहणार.

लोडशेडिंगच्या काळात आमच्या नाशिकच्या घरी इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या होत्या. एक गेली की मेकॅनिक म्हणायचा, "साहेब, दोन्ही बदला", आणि बाबा म्हणायचे याला माल खपवायचाय. तो खरं सांगत होता, हे मला या तळ्यावर कळलं.

आता बोटीत दोन्ही सारख्या आहेत, एकच मॉडेल, एकाच दिवशी घेतलेल्या. चार्जर दोन आउटपुटचा, प्रत्येकीला स्वतःची वायर. फिश फाइंडरला तिसरी छोटी बॅटरी वेगळी, तो यांच्यापैकी एकीवरच लावला असता तर तीच रोज थोडी जास्त उतरली असती आणि पुन्हा तीच गत. जुनी दुकानात परत दिली, इथे लेड-ॲसिड बॅटरी कचऱ्यात टाकायला बंदी आहे. काठाला आलो की अजूनही एकेकीला मीटर लावतो. आज दोन्ही १२.४.