उसाच्या रानात वसलेलं शहर

(दृश्य: संध्याकाळ, झाडांच्या सावलीतला फूटपाथ)

संध्याकाळचे सहा वाजलेत. या आजींच्या एका हातात कापडी पिशवी आहे, पिशवीतनं कोथिंबिरीची जुडी डोकावतीये, दुसऱ्या हातात नातवाचं बोट, आणि नातवाची वॉटरबॅग आजींच्याच खांद्याला. क्लासहून नातू घेतला, वाटेत भाजी घेतली, आता बागेतनं घरी. रिक्षा नाही, स्कूटर नाही. आम्ही कॅमेरा घेऊन मागं मागं चाललो तर सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. आणि हे कुठं, तर पुण्यात हडपसरला. ज्यांनी हडपसरच्या गर्दीत रोजचा तासभर घालवलाय त्यांना ही अकरा मिनिटं काय आहेत ते बरोबर कळेल.

ही मगरपट्टा सिटी. लोकांना हिचं नाव आयटी पार्कमुळं माहितीये, पण आपण आज आलोय ते वेगळ्या कारणासाठी. शहरात गावासारखी वस्ती वसवता येते का, म्हणजे जिथं काम, शाळा, दवाखाना, बाजार सगळं पायी जाण्याच्या अंतरावर असेल, असा प्रश्न जगभर विचारला जातोय. पुण्यात त्याचं एक उत्तर शेतकऱ्यांनी दिलं. तेही स्वतःच्या जमिनीवर.

(दृश्य: कालव्याचं पाणी, हडपसरच्या कडेला राहिलेलं एखादं हिरवं वावर)

इथं ऊस होता, भाजीपाला होता, मुठा उजव्या कालव्याचं पाणी होतं. मग शहर सरकत सरकत बांधापर्यंत आलं, आणि 1982 साली पुण्याच्या विकास आराखड्याच्या मसुद्यात ही जमीन पुढं शहरीकरण होणार अशी दाखवली गेली. आता असं झालं की शेतकऱ्याच्या हातात काय उरतं, तर एक तर सरकार जमीन घेणार किंवा मग बिल्डर गाडी घेऊन दारात येणार, चार पैसे जास्त देणार, सातबाऱ्यावरचं नाव बदलणार. पुढचं आपण पुण्याच्या चहूबाजूंनी बघितलंय. बंगला होतो, गाडी येते, पोरांची लग्नं धूमधडाक्यात होतात, आणि दहा-पंधरा वर्षांत त्याच जमिनीवरच्या सोसायटीच्या गेटवर त्याच घरातलं पोरगं वॉचमन म्हणून उभं असतं. ‘गुंठामंत्री’ हा शब्द आपण हसून वापरतो, मला त्याचं कधी हसू येत नाही, त्या शब्दामागं एका पिढीचं सगळं गमावणं आहे.

मगरपट्ट्यात हे टळलं. सतीश मगर यांनी, शेतकीचं शिक्षण घेतलेला माणूस, भावकीतल्या आणि शेजारच्या लोकांपुढं मांडलं की जमीन विकायची नाही, एकत्र करायची. साधारण एकशेवीस कुटुंबं, चारशेच्या वर एकर. ज्याच्या घरात बांधाच्या वितीभर जागेवरनं कोर्टकचेरी झालीये त्यानं हा आकडा परत एकदा ऐकावा. एकशेवीस घरं! सगळ्यांनी मिळून कंपनी काढली, ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा कंपनीत हिस्सा. परवानग्यांना बरीच वर्षं गेली, आणि 2000 च्या सुमारास प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालं. घरातल्या पोरांना बांधकामातली कामं शिकवली, कुणी ब्लॉक पुरवायला लागला, कुणी माल वाहतुकीचं बघायला लागला, कुणी बागेचं काम घेतलं. शेतकरी जमिनीवरनं उठला नाही, धंदा बदलून तिथंच राहिला.

मला तरी वाटतं की डिझाईन खरं तर इथंच झालं, कागदावर पहिली रेघ ओढायच्या आधी. ज्याला विकून निघून जायचं नाहीये, ज्याची नातवंडं तिथंच खेळणार आहेत, तो माणूस बागेची जागा खात नाही.

(दृश्य: वरनं ड्रोनचा शॉट, मधली मोठी बाग)

आराखडा केला आर्किटेक्ट हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी. वरनं बघा, मधोमध ही साधारण पंचवीस एकराची बाग, भोवती घरं, एका बाजूला ऑफिसं, आत शाळा, हॉस्पिटल, दुकानं. छतांवर सोलर वॉटर हीटर, ओल्या कचऱ्याचं खत होतं ते बागेत जातं, सांडपाणी शुद्ध करून झाडांना घालतात. हे सगळं चांगलंच आहे, पण माझं म्हणाल तर सगळ्यात मोठी बचत त्या छतांवर दिसत नाही, ती रस्त्यावर आहे, ज्या गाड्या निघाल्याच नाहीत त्यांची आहे. आजींची ती अकरा मिनिटं म्हणजे न जळलेलं पेट्रोल.

आता जे जमलं नाही तेही बोलू, कारण मला ही जागा आवडते म्हणूनच ते खुपतं.

जर्मनीत फ्रायबुर्ग शहरात फाउबान नावाची वस्ती आहे. फ्रेंच सैन्याच्या बराकी असलेली जागा, 1992 मध्ये सैन्य गेलं आणि तिथं लोकांनी गट करून आपापल्या इमारती उभ्या केल्या. गाड्या वस्तीच्या कडेच्या पार्किंगमध्ये ठेवायच्या, घरापुढच्या रस्त्यावर पोरं खेळणार. हे त्यांना परवडलं कारण 2006 मध्ये ट्राम थेट वस्तीत आली. आणि योगायोग बघा, त्याच 2006 मध्ये पुण्यात कात्रज ते हडपसर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी वेगळी लेन, सुरू झाली होती. त्यांची ट्राम अजून धावतीये, आपल्या हडपसरच्या बाजूला ती वेगळी लेन टिकली नाही. मग होतं काय, की आत तुम्ही मजेत चालता, पण ज्याचं ऑफिस पार दुसऱ्या टोकाला, बाणेरला किंवा हिंजवडीला आहे त्याला गाडी काढावीच लागते आणि तो गेटच्या बाहेर पडला की त्याच जॅममध्ये. एकटी टाऊनशिप कितीही नीट आखा, दारात भरवशाची बस नसेल तर ती बेटासारखीच राहते.

(दृश्य: सकाळ, टाऊनशिपचं गेट)

दुसरी गोष्ट बघायला सकाळी सात वाजता गेटवर यावं लागतं. शेअर रिक्षा थांबते, एका मागोमाग बायका उतरतात, खांद्याला पर्स, पर्समध्ये डबा. पोळ्या करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, लहान बाळं सांभाळणाऱ्या. गावात सुतार, न्हावी, कुंभार यांची घरं गावातच असायची. जातीपातीची आळी वेगळी होती, तो काळ परत नकोच, पण राबणारा माणूस रोज दोन रिक्षा बदलून गावात येत नव्हता. इथं घरांच्या किमती या बायकांच्या आवाक्यातल्या नाहीत, म्हणून अकरा मिनिटांचं शहर यांच्या वाट्याला येत नाही. पुढं सिंहगड रोडला नांदेड सिटी याच पद्धतीनं उभी राहिली, शेतकऱ्यांनीच जमीन एकत्र करून. उद्या आणखी कुठं कुणी सातबारे एकत्र ठेवून बसलं, तर कागदावर बागेच्या शेजारी या बायकांची घरंही काढावीत, दोन खोल्यांची का होईना.

(दृश्य: संध्याकाळ, तोच फूटपाथ)

सव्वासहा वाजत आलेत. आजी आणि नातू बिल्डिंगच्या दारात पोचलेत, लिफ्टचं बटण कोण दाबणार यावर भांडण चाललंय. आणि त्याच फूटपाथवरनं, उलट्या दिशेनं, सकाळच्या त्या बायका भराभर गेटकडं निघाल्यात, कारण रिक्षा भरली की निघून जाते.